कवळीच्या मऊ अस्तरात औषध मिसळल्याने काय होते?

‘कवळीच्या मऊ अस्तरात (हिरडीला टेकणाऱ्या बाजूच्या मऊ थरात) बुरशीनाशक औषध मिसळा, अस्तर जसेच्या तसे राहते, प्रमाण जितके जास्त तितका गुण अधिक आणि बुरशी कायमची जाते,’ असा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अशा अस्तरावर सहज वाढते, त्यामुळे त्यामागची तळमळ मला समजते. विधाने मात्र तिन्ही चुकीची आहेत.

अस्तर जसेच्या तसे राहत नाही. अ‍ॅक्रिलिक अस्तराला मऊपणा देणारा प्लास्टिसायझर लाळेत हळूहळू झिरपून जातो, म्हणून ते मुळातच कालांतराने कडक होते. त्यात औषधाची भुकटी घातली, की तिचे कण पॉलिमरशी, म्हणजे अस्तराच्या मूळ प्लास्टिकशी, न जोडले जाता नुसते अडकून बसतात. ते विरघळून बाहेर पडले की मागे बारीक पोकळ्या उरतात, त्यांत पाणी शिरते आणि अस्तर लवकर फाटू लागते. कवळीवरची त्याची पकडही सैल होऊ शकते. ही पकड निदान 0.44 मेगापास्कल (दाब-ताण मोजण्याचे एकक) असावी, असा निकष संशोधनात वापरला जातो. पकड त्याहून कमी होऊन कडेला नख लागताच पापुद्रा सुटू लागला, तर त्या फटीत बुरशीलाच नवा आसरा मिळतो. गोळी कुटून घातली तर औषधाबरोबर तिच्यातला स्टार्चही आत जातो, हे तर कोणी सांगतच नाही.

प्रमाणाचे म्हणाल तर थोड्या मात्रेत गुणधर्म फारसे न बिघडता उपयोग होऊ शकतो, हे मान्य करायलाच हवे. मात्रा वाढली की कणांच्या गुठळ्या होतात आणि तिथूनच अस्तर फाटायला सुरुवात होते. शिवाय सगळी अस्तरे एकसारखी नसतात. प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनमध्ये गंधकाची किंवा अमाइनची (नायट्रोजनयुक्त) काही संयुगे औषधातून गेली, तर ते नीट घट्ट न होता चिकट राहते.

राहिला ‘कायमची’ हा शब्द. सुरुवातीला औषध भराभर बाहेर पडते, मग त्याचा वेग मंदावतो आणि साठा संपतो. पुरावा म्हणून पेट्रीबशीत (प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या उथळ बशीत) औषधी अस्तराच्या तुकड्याभोवती उमटलेले बुरशीविरहित वलय दाखवले जाते. ते वलय खरेच असते. पण ते उमटते, तेच मुळी औषध अस्तर सोडून बाहेर गेल्यामुळे, म्हणजे साठा कमी होत असल्यामुळे.