अनुदान हवे असेल, तर आधी खड्डे खणा

उजाड झालेली जमीन स्थानिक लोकांनी मिळून पूर्ववत करावी असा विचार आपल्या मनात आला असेल, तर पहिला सल्ला असा की, जमिनीकडे फिरकू नका. सरळ अर्ज भरायला बसा. जमीन काय, वर्षानुवर्षे धुपतच असते, अर्जाची मुदत मात्र आज रात्री बारा वाजता संपते.

‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक पानावर आला पाहिजे. लोकांना विचारलेच पाहिजे असे नाही.

पहिला हप्ता पाऊस संपल्यावर येतो, म्हणून पावसालाच थोडे थांबण्याची विनंती करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जमीन आपली आपण सावरू शकते हे कधीही कबूल करू नका. आमच्या गटाने ही चूक केली. तीन वर्षे आम्ही चराई बंद ठेवली, वणव्याच्या दिवसांत आळीपाळीने पहारा दिला, ओघळींत दगडी बांध घातले आणि तुटलेल्या बुंध्यांना आलेल्या फुटव्यांपैकी जोमदार तेवढे राखून बाकीचे छाटले. ही काही आमची अक्कल नव्हे. नायजर देशाच्या दक्षिण भागातील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून याच रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली, आणि तीही मुख्यतः रोपवाटिकेतील रोपांवाचून. जुनी मुळे जिवंत असली की फुटवा रोपापेक्षा झपाट्याने वाढतो, कारण पाण्यापर्यंत पोहोचण्याचे काम त्या मुळांनी आधीच केलेले असते. हे सारे आम्ही अहवालात लिहिले. पण ऑनलाइन नमुन्यात ‘लावलेल्या रोपांची संख्या’ हा रकाना सक्तीचा होता, आणि तो शून्य स्वीकारत नव्हता. फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सुचवले, ‘निदान एक तरी टाका.’ खोटे लिहायचे नाही म्हणून आम्ही खरोखरच एक रोप लावले, त्याचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढले आणि आकडा भरला. ते रोप उन्हाळ्यात वाळले. पुढच्या अहवालात संगणकाने आमच्या प्रकल्पातील ‘रोपे जगण्याचे प्रमाण’ शून्य टक्के काढले आणि शेवटचा हप्ता अडकला. हे शून्य मात्र त्याने विनातक्रार स्वीकारले! भोवती डोक्यावर गेलेली झाडे उभी आहेत, पण ती कोणी लावलेली नसल्यामुळे हिशेबात ती नाहीतच.

जमीन मुळात गवताळ असेल, तर ते लपवा; गवताला रकाना नाही.

पहाऱ्याची मजुरी मागू नका. खड्ड्याचे माप घेता येते, म्हणून खड्ड्याला पैसे मिळतात. न लागलेल्या वणव्याचे माप कोण घेणार?

आणि अठरा महिन्यांत जंगल उभे राहील, असे निःसंकोच लिहा.

पण पुरे झाले. उजाड जमीन व जंगले सावरण्याच्या ‘बॉन चॅलेंज’ या आंतरराष्ट्रीय संकल्पाखाली २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर जमीन सावरण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. संशोधकांनी २०१९ साली देशांच्या योजना तपासल्या, तेव्हा त्यांतील सुमारे ४५ टक्के क्षेत्र एकाच जातीच्या व्यापारी लागवडीसाठी राखलेले निघाले. काही वर्षांनी तोडायच्या झाडांच्या रांगांना तुम्ही जंगल म्हणता आणि आपसूक उगवलेल्या झाडाचा पुरावा मागता, याची लाज वाटायला हवी. कार्यालयात बसून रकाने आखणाऱ्यांनी एकदा तरी उन्हात जमिनीवर उभे राहावे, बुंध्यापाशी वाकून फुटवे मोजावेत, आणि पैसे देणे बंद केल्यावर पाच वर्षांनी पुन्हा येऊन तेच मोजावेत. तोपर्यंत आमचा अडकवलेला हप्ता तेवढा सोडा. बांधाचे दगड वाहून आणणाऱ्यांची मजुरी त्यातूनच द्यायची आहे, आणि ते आता आमच्या दारात येऊन विचारत आहेत, तुमच्या नव्हे.