साहेबाने हात दिला

बेळगावात माणूस भाषांना घाबरत नाही. दूधवाल्याशी कानडी, खडेबाजारात हिंदी, गोव्याच्या पाव्हण्याशी कोकणी आणि घरात एकमेकांवर खेकसायला मराठी, असं आमचं सुरळीत चाललं होतं. मग पुतण्याला अमेरिकेच्या कंपनीत घरबसल्या नोकरी लागली आणि टिळकवाडीतल्या आमच्या माडीवरून रोज संध्याकाळी इंग्रजी खाली झिरपू लागलं.

शब्द सगळे दुसरीच्या पोराला येणारे. पाय, हात, बादली, टेबल. पण चारचौघांत भेटले की ओळख दाखवत नाहीत. मी पडलो हेडक्लार्क, जन्मभर 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' खरडलेला. त्यामुळे जिन्यातून वहिनींची हाक ठरलेली, "भावजी, हे काय म्हणालेत बघा की!"

पहिला दणका 'ब्रेक अ लेग'चा. प्रेझेंटेशनच्या तोंडावर साहेब पोराला पाय मोडायला सांगतो म्हटल्यावर वहिनी मीठमोहऱ्या घेऊनच वर निघाल्या. इंग्रजी नाटकवाल्यांत सरळ 'यश मिळो' म्हणणं अपशकुनी मानतात, म्हणून उलटं बोलतात, असं मी सांगितलं. त्यांना ते तिथल्या तिथे पटलं. "म्हणजे तीट लावल्यासारखंच की!"

एका सहकाऱ्याला 'लेट गो' केलं, यावर मात्र "बरं झालं, बिचाऱ्याला लवकर सोडलं" म्हणाल्या. त्याची नोकरी गेली हे सांगणं माझ्या अगदी जिवावर आलं.

'किक द बकेट' म्हणजे मरणे. फ्रान्सिस ग्रोजच्या १७८५ च्या कोशातही हा वाक्प्रचार आहे. बादलीचा आणि मरणाचा संबंध काय, यावर विद्वान अजून भांडतात. आमच्या गल्लीत हा प्रश्नच येत नाही. नळाला पाणी आलेलं असताना कुणाच्या भरल्या बादलीला लाथ मारून बघा.

'टेबल'चं प्रकरण याहून चमत्कारिक. लंडनचा साहेब विषय 'टेबल करू' म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचा, अमेरिकेचा म्हणाला तर बाजूला सारायचा. आमचा सीमाप्रश्नही १९५६ पासून टेबलावरच आहे. कुठल्या टेबलावर, ते विचारू नका.

पण खरी गंमत झाली ती परवा. काम फत्ते झालं आणि साहेब म्हणाला, "गिव्ह हिम अ बिग हँड!" माडीवर टाळ्यांचा कडकडाट. वहिनींनी फक्त 'हँड' टिपला. साहेबाने पोराला हात दिला, म्हणजे आता बढती नक्की! कुंद्याचा पुडा फोडून त्या तडक परसातल्या भिंतीपाशी गेल्या आणि शेजारच्या अक्कांना मोडक्यातोडक्या कानडीत सांगून मोकळ्या झाल्या, "साहेब्रु दोड्ड कै कोट्टार री!"

आता कानडीत 'कै कोट्टरु' म्हणजे ऐनवेळी दगा दिला. अक्कांनी कुंद्याकडे नेलेला हात मागे घेतला. "अय्यो पाप!" म्हणत पदर डोळ्यांना लावला. वहिनींना वाटलं, आनंदाश्रू. त्यांचेही डोळे भरून आले. एक कुंदा पुढे करतेय, दुसरी तो परत ढकलतेय, आणि दोघी रडतायत. अक्कांचा भाचा वकील. त्याला आत्ताच फोन लावते, असल्या साहेबाला सोडायचं नाही, असं त्या तावातावाने बोलू लागल्या.

वहिनी गोंधळल्या. "भावजी, वकील कशाला म्हणतायत ह्या? तुम्ही सांगा की समजावून!"

मी पायात चपला सरकवल्या आणि दोघींच्या हातावर तुरी देऊन कॅम्पात भजी खायला सटकलो.