भोकात असतं काय फुगायला?

काम एवढंसं, इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड बदलायचे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात वरखाली सरकते त्या नळ्या. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा भपका, मग साळसूद, आणि लांब उतारावर थ्रॉटल सोडून परत पिळला की पुन्हा भपका. ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरतंय हे उघड आहे. मिस्त्रीने हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, खोललं, व्हॉल्व्ह बोटाने हलवला, तो डुगडुगला, विषय संपला. म्हणजे संपायला हवा होता.

पण बाकावर एक काका बसलेले. त्यांचं काम पंक्चरचं, तेही कधीच झालेलं.

"रिंगा गेल्यात," काका म्हणाले.

म्हटलं, नाही काका, गाइड. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर गाडी ओढताना धूर मारला असता, शिवाय कॉम्प्रेशन बघितलंय, प्लगच्या जागेतून थोडं ऑइल सोडून परत बघितलंय, काटा तिथेच, रिंगांचा दोष असता तर चढला असता. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑइल कुठलं टाकता?" सांगितलं. "हां, मग तेच." तेच म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी माझं हेड मांडीवर घेतलं, माझं, आणि गाइडला तोंड लावून फुंकर मारली. मिशीला काजळी. "हवा जाते की यातून!" अहो गाइड म्हणजे दोन्हीकडून उघडी नळी, हवा जाणार नाही तर काय जाणार?

खरी गंमत पुढे. जुने गाइड ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या दांडक्याने, ठोकून काढले, नवे फ्रीझरमध्ये होते, हेड शंभरेक डिग्रीला तापवलेलं. गार गाइड आक्रसतो, तापलेलं हेड फुगतं, गाइड अलगद बसतो. मिस्त्रीने फडक्यात गाइड धरला, हातोडा उचलला आणि काका म्हणाले, "हेड तापवलं म्हणजे धातू फुगला, मग भोक लहान होणार ना?"

मिस्त्री थांबला! इतकी वर्षं हेच काम करणारा माणूस हातोडा हवेत धरून माझ्याकडे बघायला लागला.

म्हटलं काका, भोकही फुगतं. "भोक कसं फुगेल? भोकात असतं काय फुगायला?" बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्यात धरलं की सुटतं, ते सांगितलं. "झाकण वेगळं, इंजिन वेगळं." यावर मिस्त्री हसला, माझ्या गाडीचे पैसे घेणारा मिस्त्री, काकांच्या बाजूने! तोवर गाइड त्याच्या हातात कोमट झाला आणि परत फ्रीझरमध्ये गेला, हेड परत तापवायला. या जास्तीच्या वेळात काका हलले असतील तर शपथ. उलट पाय वर घेऊन बसले.

एकदाचे गाइड बसले, आतलं भोक मापात आणायला रीमर फिरला. आता गाइड नवा म्हणजे त्याचा सेंटर केसभर का होईना सरकणार, जुनी सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड, त्याच्याशी जुळणार नाही, म्हणून सीट पुन्हा कटरने कापायची असते. मिस्त्री म्हणतो, "पेस्ट लावून घासून देतो, बसतो व्हॉल्व्ह." पेस्टने सीट चकचकीत होते हो, वाकडा सेंटर सरळ कसा होईल? आणि दांडीचा क्लिअरन्स, म्हणजे दांडी आणि गाइडमधली फट, मोजा म्हटलं तर मायक्रोमीटर नाही, बोअर गेज नाही, व्हॉल्व्ह बोटाने हलवून "बघा, घट्ट." घट्ट म्हणजे किती? जास्तच घट्ट असेल तर तापल्यावर अडकेल ना तो. बाकावरून लगेच, "हां, आता बरोबर आहे."

याचा मला मनापासून राग येतो. धुराचा वास घेऊन निदान सांगणारे वाटेल तेवढे, सल्ला फुकट, आणि मोजायचं म्हटलं की सगळ्यांना मी किरकिऱ्या वाटतो. हेड उचललं आणि सीट कटिंगला दुसरीकडे नेऊन दिलं. निघताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुम्ही फार बारीक बघता." इनलेट व्हॉल्व्हला दोन ते पाच शतांश मिलिमीटरची फट ठेवायचं काम आहे बाबा, बारीक नाही तर काय जाडजूड बघू?