खांदा की खिसा

फोनच्या फोटोंचा कंटाळा आलाय, एखादा बरा कॅमेरा घ्यावा म्हणते, असं मी घरच्या ग्रुपवर सहज टाकलं आणि कामाला लागले. तासाभराने बघते तर दादाचे ऑडिओ मेसेज, एकामागोमाग एक, आणि त्यातला सगळ्यात छोटा चार मिनिटांचा. सगळे ऐकायची हिंमत नव्हती म्हणून डायरेक्ट शेवटचा ऐकला. सार एवढंच की, "अगं नवीन कशाला घेतेस, माझा जुना डीएसएलआर पडूनच आहे, घेऊन जा." डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. दादा आता मिररलेसवाला, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवाला झालाय, त्यामुळे जुन्याबद्दल तो थोडा हळवा होऊन बोलतो आणि कधी एकदा योग्य घरी जातोय याची वाट पण बघतो.

फुकट मिळतोय म्हटल्यावर विषय संपायला हवा होता ना. पण त्याच आठवड्यात मावशी आली, पर्समध्ये हात घातला, रुमाल, गोळ्या, चष्मा असं काय काय बाजूला सारून एक छोटासा काळा कॅमेरा काढला आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "आधी हा वापरून बघ, मग काय ते ठरव." सोनीचा आरएक्स१००, त्यातला सगळ्यात पहिला, २०१२ सालचा. बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. मावशी ह्याच्यावर जन्मात कधी ऑटो मोड सोडून कुठे गेलेली नाही, आणि तिचे फोटो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले येतात, हे घरात कोणी उघड बोलत नाही कारण दादाला वाईट वाटतं.

दादाचा डीएसएलआर कुठल्या कंपनीचा ते मी सांगणार नाही, ते सांगितलं की लोक फोटो सोडून आपसात भांडायला लागतात. २००७ सालचं मॉडेल आहे, १० मेगापिक्सेल, व्हिडिओ नाही. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणजे निकॉन डी९०, तो २००८ मध्ये आला, म्हणजे दादाने थोडा धीर धरला असता तर, असं मी म्हटलं, त्यावर तो म्हणाला "खरा फोटोग्राफर व्हिडिओ काढत नाही." बरं. कॅमेरा आणायला गेले तर कॅमेरा नव्हताच, बॅग होती. तिच्यात बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा), किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती), एक ५० एमएमची लेन्स, एक लांबलचक झूम ("कधीतरी लागेल"), एकमेकांत कायमचे अडकलेले दोन फिल्टर, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर, ब्रश, चार प्रकारची फडकी आणि सीएफ कार्डं. हे सीएफ कार्ड प्रकरण ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बिस्किटाएवढं जाड कार्ड असतं, कॅमेऱ्याच्या आत त्याच्यासाठी ५० बारीक पिना असतात, आणि कार्ड तिरकं घुसवलं तर त्यातली एखादी वाकते आणि मग कॅमेरा आणि तुम्ही दोघं रिपेअरवाल्याच्या मर्जीवर. लॅपटॉपला अर्थातच हे कार्ड लागत नाही, त्याचा रीडर वेगळा. तो रीडर बॅगेत नव्हता.

बॅग उचलताना वहिनी दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "परत आणू नकोस हं, प्लीज." तिने त्या बॅगेबरोबर बऱ्याच ट्रिपा केल्यात. ट्रायपॉड तिच्याकडे असायचा.

मग रात्री मुलगी झोपल्यावर मी अभ्यासाला बसले, कारण आपल्याकडे कुठलीही गोष्ट घ्यायची म्हणजे आधी तिच्यात पीएचडी करायची. पहिला धडा सेन्सरचा, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चिपचा. दादाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलीमीटर. मावशीच्या कॅमेऱ्याचा म्हणे "एक इंची". मी खूश, म्हटलं एक इंच म्हणजे २५ मिलीमीटर, म्हणजे मावशीच जिंकली की. तर तसं नसतं. हा एक इंच म्हणजे जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमध्ये ज्या काचेच्या नळ्या असायच्या त्यांच्या बाहेरच्या व्यासाचा हिशोब, तो अजून चालू आहे, प्रत्यक्षात सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलीमीटर, कुठल्याही बाजूने मोजा, कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजा, एक इंच काही सापडत नाही. म्हणजे क्षेत्रफळात दादाचा जवळजवळ तिप्पट. दादा जिंकला.

पण थांबा. दादाची किट लेन्स वाइडला, म्हणजे अजिबात झूम न करता, एफ ३.५, आणि मावशीची एफ १.८. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, आणि प्रकाश त्याच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, म्हणजे मावशीच्या लेन्समधून जवळजवळ चौपट उजेड आत येतो. तिप्पट सेन्सर विरुद्ध चौपट उजेड, वर मावशीचा सेन्सर पाच वर्षांनी नवीन. मावशी जिंकली. मग जरा झूम केलं तर मावशीची लेन्स एफ ४.९ वर जाऊन बसते आणि दादाची ५.६ वर, म्हणजे तो फायदा गेला, दादा परत पुढे. आणि दादाच्या बॉडीला ती ५० एमएम एफ १.८ लावली तर मावशीने घरी जावं. नवरा मध्येच उठून पाणी प्यायला आला, माझी वही बघितली, वहीत वर्ग, भागाकार, बाण. म्हणाला, "अगं, फोटो कुणाचे काढायचेत पण?" मी म्हटलं झोप तू.

खरं तर ही दोन निवृत्त माणसांमधली निवडणूक आहे हेही त्याच रात्री कळलं. २०१० साली जगभरात १२ कोटीच्या वर डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते, त्यात बहुतेक सगळे खिशातलेच, आणि मग फोनने त्यांचा असा काही निकाल लावला की आकडा कोटीच्याही खाली आला. डीएसएलआरचं तर कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपलं शेवटचं मोठं मॉडेल २०२० मध्ये काढलं आणि मिररलेसकडे वळले. म्हणजे मी जे काही घेईन ते मोडीतच निघालेलं असणार. दादाला हे म्हटलं तर म्हणाला "बॉडी जाते, काच राहते." काच म्हणजे लेन्स. हे वाक्य तो इतक्या गंभीरपणे बोलतो की उलट काही बोलायची सोय नसते.

शनिवारी सगळे डोंगरावर फिरायला जायचं ठरलं होतं, म्हटलं दोन्ही घेऊन जाऊ आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू. डीएसएलआर लेन्ससकट सव्वा किलो. हातात घेतल्यावर सव्वा किलो काहीच वाटत नाही, उलट छान वाटतं, काहीतरी आहे हातात असं वाटतं. गळ्यात अडकवून अर्धा तास चढलं की मग झोपलेलं मूल जसं मिनिटामिनिटाला जड होत जातं तसं ते व्हायला लागतं, आणि वाकून बुटाची नाडी बांधायला गेलं की पुढे झेपावून गुडघ्यावर आपटतं. छोटा कॅमेरा जॅकेटच्या खिशात होता. आहे की पडला हे मी सारखी चाचपून बघत होते, तो एक वेगळाच ताप.

पण मोठा कॅमेरा गळ्यात असला की लोक आपल्याशी कसे वागतात ते कुठल्याच रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं नसतं, आणि मला विचाराल तर खरा फरक तिथेच आहे. मी डोळ्याला कॅमेरा लावला की आमच्या घरातली हसतीखेळती माणसं अटेन्शनमध्ये उभी राहतात. सासरे पोट आत घेतात. नवरा एक विशिष्ट हसतो, तो बाकी कधीच तसा हसत नाही. वर अनोळखी माणसं. एक जोडपं आलं, "मॅडम, तुम्ही फोटोग्राफर आहात ना, आमचा एक काढाल?" आणि हातात काय दिलं, तर त्यांचा फोन. त्यांचं बघून अजून एक फॅमिली आली, त्यांचाही फोन. मग एक कॉलेजचा ग्रुप आला, त्यांना उडी मारतानाचा हवा होता आणि त्यांच्यातला एक दर वेळी उशिरा उडी मारायचा. मी गळ्यात सव्वा किलो अडकवून जगाच्या फोनवर फोटो काढत होते आणि माझी माणसं पुढे निघून गेली होती. पुढे एका ठिकाणी गेटवर वॉचमनने अडवलं, "प्रोफेशनल कॅमेरा अलाऊड नाही." भाऊ, हा २००७ चा आहे, माझा फोन ह्याच्यापेक्षा जास्त मेगापिक्सेलचा आहे, असं सांगून पाहिलं, पण लेन्स निघते का, निघते, मग प्रोफेशनल, असा त्यांचा नियम. कॅमेरा बॅगेत गेला. खिशातला आत आला, त्याला कोणी विचारलंही नाही.

छोटा कॅमेरा काढला तर वेगळाच अपमान. "अय्या, असा कॅमेरा अजून मिळतो?" हे एकदा, आणि "फोनवर काढ ना, लगेच पाठवता येईल" हे दर पाच मिनिटांनी. कोणी नीट उभं राहत नाही, कोणी बोलणं थांबवत नाही, सासरे पोट बाहेर ठेवून गप्पा मारत राहतात. घरी येऊन बघितलं तर ह्याच फोटोंत सगळे माणसांसारखे दिसत होते.

तरी डीएसएलआरवर अन्याय नको. उन्हात छोट्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मला फक्त माझं नाक दिसत होतं. मोठ्याला डोळा लावायचा, आरशातून खरंखुरं समोरचं दिसतं, ऊन असो नसो. बटण दाबलं की खटॅक, त्याच क्षणी फोटो. आमची पाच वर्षांची मुलगी उतारावरून दोन्ही हात पसरून पळत आली, तेव्हा मी मोठ्यावर ५० एमएम लावून ठेवली होती, आणि तो एक फोटो असा आलाय की मी तो फ्रेम करून लावलाय, मागचं सगळं विरघळलेलं आणि तिच्या कपाळावरची बट न बट दिसतेय. तोच प्रकार संध्याकाळी अंधारलेल्या खोलीत छोट्यावर करायला गेले तर त्याचं फोकस आत-बाहेर, आत-बाहेर, तोवर मुलगी पलीकडच्या खोलीत.

अर्थात त्या एका फोटोच्या आजूबाजूला काय काय आलं ते पण सांगायला हवं. जुन्या डीएसएलआरची स्क्रीन २ लाख ३० हजार डॉटची, म्हणजे भरडच, तिच्यावर सगळेच फोटो सुंदर दिसतात. घरी मोठ्या पडद्यावर बघितले तेव्हा कळलं की फोकस बहुतेक वेळा कानावर होतं. आणि आकाशाच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच तीन करडे ठिपके. मला आधी पक्षी वाटले. दादाला दाखवले तर म्हणाला सेन्सरवर धूळ आहे, लेन्स बदलताना बसते, भोक बारीक केलं की दिसते, आणि मग ब्लोअर कसा धरायचा यावर परत एक ऑडिओ. मी म्हटलं मग छोटा बरा, त्याची लेन्स निघतच नाही, धूळ जाणार कुठून. तर दादा आनंदाने म्हणाला, "निघत नाही ना, म्हणजे आत गेलेली पण निघत नाही." आणि हे खरं आहे, ती लेन्स चालू करताना पुढे येते आणि बंद करताना मागे जाते, त्यात खिशातलं थोडं पीठकूट आत ओढलं जाऊ शकतं, आणि ते काढायचं तर अख्खा कॅमेरा खोलावा लागतो.

शेवटी मी काय केलं, कॅमेरे बाजूला ठेवले आणि दादाचे गेल्या काही वर्षांचे अल्बम काढून बसले. एकापेक्षा एक सूर्यास्त. पाण्याचे थेंब. कोळ्याचं जाळं. वहिनी उन्हात डोळे बारीक करून "झालं का?" विचारताना, प्रत्येक ठिकाणी, वेगवेगळ्या साड्या-ड्रेसमध्ये तोच चेहरा. आणि दादा एकाही फोटोत नाही. मावशीच्या अल्बममध्ये क्षितिज नेहमी तिरकं असतं, पण त्यात दादा आहे, चक्क हसताना.

मग छोटाच घ्यायचा ठरलं. दादाला फोन करून सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला "ठीक आहे, पण निदान रॉमध्ये काढ." रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल, ती नंतर आपण बसून सुधारायची. मी हो म्हटलं. मी काढणार नाही.

ठरलं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं, तर कळलं की हा आरएक्स१०० एक नाही, सात आहेत. २०१२ ते २०१९, एक ते सात नंबर, सगळे दिसायला डिट्टो सारखे आणि नवीन आला म्हणून कंपनीने जुना लगेच बंद केला असंही नाही. दुसऱ्याला वाकणारी स्क्रीन आली. तिसऱ्यात लेन्स बदलली, झूम कमी झाला पण झूम करूनही एफ २.८ राहिली, शिवाय कोपऱ्यातून टुणकन वर येणारा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी, आला. सहाव्यात झूम एकदम २०० एमएमपर्यंत वाढवला आणि उजेड परत कमी केला. वही पुन्हा निघाली. नवऱ्याने ह्या वेळी काही विचारलं नाही, लाइट तेवढा घालवला.

तिसरा घेतला, सेकंडहँड, केवळ त्या व्ह्यूफाइंडरसाठी, म्हणजे उन्हात नाक दिसायला नको. मावशीला दाखवला. तिने उलटासुलटा करून बघितला, तो व्ह्यूफाइंडर वर आला तशी दचकली, आणि म्हणाली, "हे कशाला गं?" म्हटलं उन्हात स्क्रीन दिसत नाही ना मावशी. "मला पण नाही दिसत," ती म्हणाली, "मी अंदाजाने दाबते, माझे सगळे येतात."

येतात खरे. वैताग आहे नुसता.