‘कोळंबीचे चोचले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गार पाणी लागणारी शोभेची कोळंबी मी घरी काचेच्या टाकीत पाळतो; त्या टाकीला चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) बसवल्याच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते इतर वाचकांसाठी थोडक्यात देतो: ‘जी कोळंबी आम्ही कालवणात घालतो तिला तुम्ही एसी लावताय. पैशांचे चोचले आहेत हे. आमच्या नाशिकला दोन पंख्यांत काम भागतं. घरात 1 हॉर्सपॉवरचा चिलर कोण लावतं? विजेचं बिल लपवलंत, पंपाचा फ्लो लिहिला नाहीत, आणि चिलर बंद कपाटात कोंडलात. त्याचा गरम वारा जाणार कुठे?’

आधी मान्य करायचं ते करून टाकतो. ‘1 हॉर्सपॉवर’ ही टायपिंगची चूक, 1/10 हवं होतं. दुरुस्त केलं. आभार.

आता चोचले.

दोन दिवस झाले, हा शब्द डोक्यातून जात नाही. टीकेला माझी ना नाही. लेखात चुका निघतात, लोक दाखवतात, मी सुधारतो. पण चोचले कोण करतं? ज्याला आयतं मिळतं तो. मी ठाण्यात, चरईतल्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, आणि खिडकीत लोणच्याच्या बरणीत गप्पी मासे. तेही विकतचे नाहीत, डासांसाठी विहिरीत सोडलेले असत त्यातले फडक्याने धरून आणलेले. पहिली टाकी बाबांनी कुर्ल्याहून लगेजच्या डब्यातून आणली, लोखंडी अँगलची, पुट्टी लावलेली. ठाण्याला उतरेपर्यंत एका कोपऱ्याची पुट्टी सुटली होती. ती आम्ही डांबर लावून वापरली, अकरा वर्षं. तेव्हा पैशांचे चोचले मला नका शिकवू.

आणि चिलर काही पहिल्या दिवशी उठून आणला नाही. वर्तकनगरचं हे घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तरी कोमट लागते. त्यात दोन उन्हाळे मी बर्फाच्या बाटल्यांवर काढले. माझ्या तीन फुटी टाकीत साधारण 160 लिटर पाणी आहे. लिटरभर बर्फ पूर्ण वितळला तर एवढं पाणी अर्धा-पाऊण अंश उतरतं, बस. मी ऑफिसला गेलो की आई दर दोन तासांनी बाटली बदलायची, गुडघे धरत. फ्रीझरमध्ये मटारला जागा नव्हती.

मग एक दिवस सकाळी दहाला गेलेली वीज संध्याकाळी सहाला आली. बाटल्या विरघळलेल्या, पंखे बंद, फिल्टर बंद. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. घरी आलो तेव्हा पाणी 30 वर होतं आणि टाकीतल्या मॉसवर, म्हणजे शेवाळावर, चाळीसेक कोळंब्या आडव्या. जिवंतपणी लाल-पांढरे पट्टे काचेसारखे स्वच्छ दिसतात; मेल्यावर ती सगळी उकडल्यासारखी गुलाबी होते. कालवणाच्या विनोदावर मला हसू का आलं नाही, कळलं असेल. (वीज गेली की चिलरही बंदच पडतो, हे कुणी सांगायच्या आत मीच सांगतो. पण 24 वरून चढणारं पाणी आणि 28 वरून चढणारं पाणी यात काही तासांचा फरक असतो, आणि तेच तास कामाचे.)

पंख्यांचं म्हणाल तर नाशिकला भागत असेल, मी कुठे नाही म्हणतो? पंखा पाणी गार करतो तो बाष्पीभवनाने, आणि त्याला खालची मर्यादा असते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तो वेट बल्ब. पंखे दोन लावा की दहा, पाणी त्याच्या खाली जात नाही. हवा 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर तो आकडा 21 च्या आसपास येतो. ही तुमची दुपार. ठाण्यात 33 अंश आणि 70 टक्के धरा, तो येतो 28. माझी क्रिस्टल रेड कोळंबी, इंचभर लांबीचीही नाही, मागते 20 ते 24. आता सांगा राव, कुठला पंखा लावू? इथली हवा केवढी दमट आहे ते माझ्या टाकीची काचच सांगते: चिलर 23 वर ठेवला की काचेला बाहेरून घाम फुटतो आणि खाली जुना पंचा अंथरावा लागतो. म्हणून सेटिंग 24 वर आणलं. नाशिकला बसून हे दिसत नाही.

बाकीचं किरकोळ आहे. बिल ‘लपवलं’ नव्हतं, लिहायचं राहिलं. प्लगवर मीटर लावून पाहिलं, मे महिन्यात दिवसाला दोन युनिटच्या आसपास. फ्लो: कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, पंप त्यातच असतो) खोक्यावर ताशी 1000 लिटर लिहिलंय, पाणी चढवताना त्यात घट होते, तरी चिलरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसतं. पाणी फिल्टरमधून गाळून मग चिलरमध्ये जातं, 16 मिलिमीटरच्या नळीतून. झालं समाधान?

राहिला कपाटाचा मुद्दा. चिलर गरम हवा बाहेर टाकतो हे वीस वर्षं टाक्या लावणाऱ्याला माहीत नसेल, असं आपल्याला का वाटावं? कपाटाला मागून दोन भोकं आहेत, वायरी जातात तिथून. पुरेशी आहेत, असं माझं मत होतं. त्यावर वाद घालण्यात मला रस नाही.

परवा रविवारी कपाटाचं दार काढून मागची फळीही कापली. ते बिजागरी सैल झाली होती म्हणून. आपल्या प्रतिक्रियेशी त्याचा संबंध जोडू नये. चिलर आता पूर्वीपेक्षा कमी वेळ चालतो आहे खरा, पण गेले दोन दिवस ढगही होते.