गाणे संपेपर्यंत मैदानात थांबण्याबद्दल

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मी शिकायला आले तेव्हा वेळापत्रक हातात पडण्याआधी मला विद्यापीठाचे गाणे शिकवले गेले. उजवा हात वर करायचा, तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवून बैलाची शिंगे करायची आणि ‘द आइज ऑफ टेक्सास’ म्हणायचे. पुढची कित्येक वर्षे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातल्या शनिवारी तांबूस नारिंगी टी-शर्ट घालून, लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये, मी ते बेंबीच्या देठापासून म्हटले. परक्या देशात एकट्या आलेल्या मुलीला लाखभर माणसे एका सुरात आपलेसे करून घेतात, त्याचे मोल मला ठाऊक आहे. म्हणून हे गाणे ज्यांच्या जिव्हाळ्याचे आहे त्यांच्याविषयी मी तुच्छतेने लिहूच शकत नाही. मला लिहायचे आहे ते त्या गाण्याच्या वेळी मैदानात उभ्या असलेल्या मुलांविषयी.

जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, जून २०२० मध्ये, फुटबॉल संघातल्या खेळाडूंनी विद्यापीठाला उद्देशून एक निवेदन प्रसिद्ध केले. गाणे बदलावे, वंशभेदाच्या इतिहासाशी जोडलेली इमारतींची नावे काढावीत, स्टेडियमच्या एका भागाला ज्युलियस व्हिटियर या मुख्य संघातल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गाण्याची हकिगत मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. १९०३ साली ऑस्टिनमध्ये ते पहिल्यांदा सादर झाले ते एका मिन्स्ट्रेल खेळात, म्हणजे गोऱ्या लोकांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल आणि टवाळी करायची, अशा प्रकारच्या खेळात. विद्यापीठाने नेमलेल्या समितीनेही मार्च २०२१ च्या अहवालात हा इतिहास मान्य केला. गाणे रचण्यामागे वर्णद्वेषी हेतू होता, असे मात्र समितीला आढळले नाही. हेतूविषयी वाद घालता येईल, पण ते पहिल्यांदा कुठे आणि कशा खेळात गायले गेले याविषयी घालता येणार नाही, आणि ज्याच्या पणजोबांची तिथे टवाळी झाली असेल त्याला ते गाणे कसे ऐकू येते हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागेल.

जुलै २०२० मध्ये विद्यापीठाने बऱ्याच गोष्टी मान्य केल्या. गणित-भौतिकशास्त्राच्या इमारतीचे नाव बदलले, व्हिटियर यांचा पुतळा उभारायला मंजुरी मिळाली, मैदानाला अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स या दोन थोर कृष्णवर्णीय खेळाडूंचे नाव मिळाले. गाणे मात्र राहील, असे सांगण्यात आले. १० ऑक्टोबरला डॅलसमध्ये ओक्लाहोमाविरुद्धचा सामना चार वेळा वाढीव खेळ होऊन ५३–४५ असा आपण हरलो. सामना संपला की गाणे संपेपर्यंत खेळाडूंनी मैदानात प्रेक्षकांसमोर उभे राहायचे, अशी प्रथा. त्या दिवशी गाणे सुरू झाले तेव्हा बहुतेक खेळाडू आत गेले होते आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, सॅम एलिंगर जवळजवळ एकटा प्रेक्षकांसमोर उभा होता. तो फोटो सगळीकडे फिरला. चार तास अंग मोडून खेळलेल्या मुलांविषयी त्या रात्री जे लिहिले गेले ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. त्याच महिन्यात बेलर विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात गाणे वाजवायला तयार असलेले पुरेसे वादक विद्यापीठाच्या बँडमध्ये मिळाले नाहीत आणि ध्वनिमुद्रित गाणे लावावे लागले.

पुढे ‘टेक्सास ट्रिब्यून’ने विद्यापीठाच्या अध्यक्षांना आलेले ईमेल मिळवून छापले. खेळाडूंना गाण्यासाठी उभे करा, नाहीतर देणग्या बंद, अशी भाषा त्यांत होती. एकाने तर कृष्णवर्णीयांनी दुसऱ्या राज्यात निघून जावे, असे सुचवले होते. ज्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी शंभरात पाच-सहाच होते, तिथे हे लिहिले गेले. ते छापून आल्यावर कॅडन स्टर्न्स या माजी खेळाडूने जाहीरपणे सांगितले की, गाण्यात भाग घेतला नाहीत तर टेक्सासबाहेर नोकरी शोधावी लागेल, अशी धमकी काही माजी विद्यार्थ्यांनी त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिली होती. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना ही धमकी देणारे लोक शनिवारी त्याच मुलांच्या नावाने घसा फोडत होते.

आमच्या मराठी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा एका ज्येष्ठ मित्राने खेळाडूंच्या शिष्यवृत्तीकडे बोट दाखवत लिहिले, ‘फुकट शिकतात, मग दोन मिनिटे उभे राहायला काय जाते?’ ते वाक्य मला अजून टोचते, कारण ते आपल्या माणसाचे आहे. त्या ग्रुपवरचे निम्मे लोक, मी धरून, विद्यापीठाच्या पैशावरच शिकलो. फी माफ होती, वर दरमहा पैसे मिळत. प्रयोगशाळेत रात्रभर राबलो, त्याबद्दल कोणी ‘फुकट शिकतात’ म्हटले नाही आणि गाण्याच्या वेळी हात वर केला की नाही हे कधी कोणी पाहिलेही नाही. शिवाय जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घेण्याची मुभा नव्हती, आणि त्याच संघाचा प्रशिक्षक वर्षाला ५० लाख डॉलरहून अधिक मिळवत होता. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, तर आता त्याच तोंडांनी ‘पगार घेता ना, मग गुमान ऐका’ असे ऐकू येते. फुकट असताना उपकार, पैसे दिल्यावर चाकरी. त्या मुलाने बोलायचे तरी कधी?

‘आमची पोरं’ असे आपण म्हणतो. घरातले पोर ‘मला या गाण्याचा त्रास होतो’ म्हणाले तर आपण आधी खाली बसवून विचारू, का रे बाबा, काय झाले. तेवढेच मी मागते आहे. गाणे ठेवायचे की काढायचे यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. माझे मत काढण्याच्या बाजूने आहे. पण त्या मुलाच्या पोटावर पाय देण्याची धमकी हे मतच नाही.

ज्युलियस व्हिटियर १९७० मध्ये इथल्या मुख्य संघात आले. त्याआधीच्याच वर्षी टेक्सासने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते, तेही एकही कृष्णवर्णीय खेळाडू नसलेल्या संघाने. व्हिटियर पुढे कायदा शिकले, डॅलसमध्ये सरकारी वकील झाले. साठी ओलांडताच त्यांना अल्झायमर झाला. डोक्याला बसलेल्या धक्क्यांबद्दल २०१४ साली त्यांच्या बहिणीने कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध खटला भरला. २०१८ मध्ये ते गेले आणि दोन वर्षांनी पुतळा उभा राहिला. सामन्याच्या दिवशी तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मी माझ्या मुलीला आधी तिथे नेते आणि पाटीवरचे नाव तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते.

मग आम्ही आत जातो. सामना संपून गाणे सुरू झाले की मी उभी राहते, हात खालीच ठेवते, आणि कोणी खेळाडू पाठ फिरवून आत निघाला असेल तर तो बोगद्यात दिसेनासा होईपर्यंत त्याच्यासाठी टाळ्या वाजवते.