पॉइंटवरची रात्र म्हणजे धर्मशाळा नव्हे

हॉटेलच्या पॉइंटवर फुकट रात्र घेऊ नका, मान मिळत नाही, असा आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर त्याआधीच मला तीन ठिकाणांहून आला होता. मी वाचून सोडून दिला. दादाने सोडला नाही. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला वहिनीला गोव्याला न्यायचं म्हणून त्याने एका मोठ्या हॉटेल साखळीत राहून राहून साठवलेले पॉइंट घालून दोन रात्री धरल्या होत्या. मजकूर वाचून त्याने ते बुकिंग रद्द केलं आणि तेच हॉटेल, त्याच तारखा, एका ट्रॅव्हल साइटवरून ३१,००० रुपये मोजून पुन्हा घेतलं. पोचल्यावर रिसेप्शनवर कळलं की नाश्त्याचे पैसे वेगळे पडतील. खोली मिळाली ती पार्किंगकडे तोंड करून. तिथूनच त्याने मला फोन लावला. "बघ, आत्याचं खरं होतं. प्लॅटिनमला कुणी कुत्रं विचारत नाही."

अरे दादा, पण तू पॉइंटवर राहतच नाहीयेस!

कंपनीच्या फिरतीत वर्षानुवर्षं हॉटेलांच्या उशा बदलून त्याने ते प्लॅटिनम, म्हणजे साखळीच्या सभासदांमधली वरची पायरी, कमावलंय, आणि एका मजकुराने त्याला ते बरोबर जिथे चाललं नसतं तिथे नेऊन उभं केलं. म्हणून हे लिहिणं.

मजकूर थोडक्यात असा. सावधान! हॉटेलच्या पॉइंटवर फुकट रात्र घेतलीत की तुमचं सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम सगळं बंद. नाश्ता मिळत नाही. सगळ्यात वाईट खोली देतात. ती रात्र तुमच्या खात्यात मोजत नाहीत, नवे पॉइंट मिळत नाहीत, खोली लवकर रिकामी करायला लावतात. कारण हॉटेलला एक पैसाही मिळत नसतो. त्यामुळे पॉइंटच्या नादी न लागता ट्रॅव्हल साइटवरून रोख पैसे देऊन बुक करा, मान मिळेल. आणि शेवटी अर्थातच, किमान दहा जणांना पाठवा.

पहिल्यांदा त्या 'एक पैसाही मिळत नाही'चं बघू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मोठ्या साखळ्यांची बहुतेक हॉटेलं साखळीच्या मालकीची नसतातच. मुंबईत सहारचं जेडब्ल्यू मॅरियट किंवा पवईचं वेस्टिन घ्या. दोन्हींवर पाटी मॅरियटच्या घरातली, पण मालकी शॅले हॉटेल्स या आपल्याकडच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची. तुम्ही पैसे देऊन राहता आणि तुमच्या खात्यात पॉइंट पडतात, तेव्हा ते हॉटेल त्या बिलातला काही हिस्सा साखळीच्या योजनेकडे भरतं. पुढे तुम्ही ते पॉइंट दुसऱ्या हॉटेलात वापरलेत की योजना त्या हॉटेलला पैसे देते. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर चालू दराच्या आसपास, रिकामं असेल तर बरेच कमी. मॅरियटचा वार्षिक अहवाल उघडून बघा, सभासदांच्या न वापरलेल्या पॉइंटांपोटी अब्जावधी डॉलरचं देणं ताळेबंदात मांडलेलं दिसेल. फुकटच्या गोष्टीचं देणं कोण मांडून ठेवतं? दादाच्या रात्रीचे पैसे त्याच्या कंपनीने नागपूर, वडोदरा नि चेन्नईच्या बिलांतून आधीच भरलेले होते. गोव्यात ते फक्त वसूल व्हायचे होते.

आता नाश्ता. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा हॉटेलवाल्यांनीच घातलेला आहे.

आपल्याकडे हॉटेलचे दर ईपी, सीपी, एमएपी अशा भाषेत सांगतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे त्यावर एक जेवण. आपण एजंटाला फोन करून 'सीपी किती?' असंच विचारत आलो, त्यामुळे नाश्ता हा खोलीचाच भाग वाटायला लागला. पॉइंटवर घेतलेली रात्र बहुतेक वेळा ईपी असते. मग सकाळी कुणी खोली नंबर विचारून सांगतं की तुमच्या बुकिंगमध्ये नाश्ता नाही, आणि माणूस निष्कर्ष काढतो की पॉइंटवर आलो म्हणून नाश्ता कापला. कापला नाही हो. तुमच्या दरात नव्हता, आणि तुमच्या पायरीलाही नव्हता.

ही पायरी कुणी बघतच नाही. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये, म्हणजे मॅरियटच्या सभासद योजनेत, सिल्व्हरला नाश्ता नाही. गोल्डलासुद्धा नाही. तो प्लॅटिनमपासून सुरू होतो, म्हणजे वर्षाला ५० रात्रींनंतर, आणि तोसुद्धा सभासद आणि सोबतचा एक जण एवढाच. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड २०२३ मध्ये आल्यापासून असे सिल्व्हर सभासद आपल्याकडे घरोघरी झालेत. वर्षाला ३,००० रुपये अधिक जीएसटी भरा, १५,००० पॉइंटपर्यंतच्या खोलीची एक रात्र घ्या, वर सिल्व्हर आपोआप. त्या रात्रीला गेलेला माणूस नाश्त्याला अडतो आणि दोष फुकट रात्रीला देतो. अहो, रोख पंधरा हजार मोजून गेला असतात तरी सिल्व्हरला पोहे मिळाले नसते.

उलट हिल्टनमध्ये गोल्डलाच नाश्ता आहे (अमेरिकेतल्या हॉटेलांत त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रक्कम देतात), आणि हयातमध्ये ग्लोबलिस्ट या सर्वांत वरच्या पायरीला दोन मोठी माणसं आणि दोन मुलं इतक्यांचा. पुण्यात येरवड्याला रिट्झ-कार्लटन आहे, तेही मॅरियटच्याच घरातलं, पण तिथे प्लॅटिनमलाही पायरीपोटी नाश्ता नाही. पॉइंट घाला नाहीतर नोटा घाला. म्हणजे दोनच गोष्टी बघायच्या, साखळी कुठली आणि पायरी कुठली. रात्र कशाने विकत घेतली याचा इथे काही संबंध नाही.

हे मी मनाने सांगत नाही. हयातच्या योजनेच्या अटी संकेतस्थळावर पडल्या आहेत. कंटाळवाण्या आहेत, पण वाचता येतात. त्यात वरच्या पायऱ्यांच्या सवलतींपुढे एकच शेपूट पुन्हा पुन्हा येतं, की पात्र दराने पैसे भरून राहा किंवा फुकट रात्रीचं बक्षीस वापरून राहा, सवलत लागू. इतकं घोकवून सांगितलंय की शंकेला जागा नाही. वर आणखी एक गंमत. ग्लोबलिस्ट सभासद पॉइंटवर राहिला तर हयात त्याची गाडीही फुकट लावून घेतं, पैसे देऊन राहिला तर त्यासाठी वेगळे पैसे पडू शकतात. मजकुराच्या लेखकाला हे सांगायला हवं कुणीतरी.

रात्र मोजत नाहीत, हे सरळ खोटं आहे. मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी, चौघेही पॉइंटवरची रात्र पुढच्या पायरीसाठी मोजतात. एके काळी काही योजना मोजत नसत, तेव्हाचं कुणाच्या तरी डोक्यात अडकलं असावं. नवे पॉइंट मिळत नाहीत, हे अर्धं खरं. खोलीभाड्यावर मिळत नाहीत, कारण भाडं तुम्ही दिलंच नाही. पण संध्याकाळी खाल्लेलं, प्यायलेलं खोलीच्या बिलावर लावलंत तर त्यावर मिळतात. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत ते एका डॉलरला १० असतात, प्लॅटिनमला वर आणखी निम्मे. ॲकोर या साखळीचा कारभार निराळाच, तिथे २,००० पॉइंट म्हणजे बिलातून ४० युरो कमी. म्हणजे ते नेहमीचं पैशांचं बुकिंगच झालं, वादच नको.

वाईट खोलीचं काय? चांगली खोली देणं हे प्रत्येक साखळीत 'उपलब्ध असेल तर' या तीन शब्दांवर लटकलेलं असतं. लाँग वीकेंडला गोव्यात उपलब्ध नसते. पैसे देणाऱ्यालाही नसते. मॅरियट आपल्या वरच्या सभासदांना वर्षभराच्या रात्रींबद्दल जे मोठ्या खोलीचे हक्क देतं, ते पॉइंटवरच्या मुक्कामालाही लावता येतात. बस, एवढंच. चेक-आउटचंही तसंच. मॅरियट प्लॅटिनमला दुपारी ४ वाजेपर्यंतचा हक्क आहे, पण रिसॉर्ट आणि मोठ्या परिषदांची हॉटेलं यांत तो हक्क राहत नाही, जागा असेल तरच मिळतो. गोव्यात पोहायच्या तलावाभोवती पसरलेलं हॉटेल म्हणजे रिसॉर्टच की.

मजकुरात खरं काहीच नाही असं मात्र म्हणणार नाही, इच्छा असली तरी. लास व्हेगास किंवा हवाईला मुलाकडे जाणाऱ्यांनी ऐकावं. तिथली हॉटेलं खोलीशिवाय रोजचं रिसॉर्ट शुल्क लावतात. सगळी रात्र पॉइंटवर घेतली तर हिल्टन आणि हयात ते माफ करतात, मॅरियट करत नाही. तिथे 'फुकट' रात्रीला खिशातून डॉलर जातात, हे कबूल. आपल्याकडे ३१ डिसेंबरला गोव्यात सक्तीचं गाला डिनर असतं, त्यालाही पॉइंट चालत नाहीत. मॅरियटने २०२२ मध्ये पॉइंटांचा ठरलेला तक्ता काढून टाकला, तेव्हापासून एकाच खोलीचे पॉइंट तारखेप्रमाणे वरखाली होतात, आणि ते सहसा वरच जातात.

आणि एक, जे मजकुरात नाहीये पण अनुभव तिथूनच आले असणार. तुमच्या पॉइंटवर पुतण्याला रात्र घेऊन दिलीत आणि तुम्ही घरी बसलात, तर तुमचं प्लॅटिनम पुतण्याबरोबर जात नाही. मॅरियटमध्ये सभासद स्वतः राहायला हवा. क्लब मॅरियट नावाचं जे विकत घ्यायचं जेवणाचं सभासदत्व आहे त्याचा बॉनव्हॉयच्या पायऱ्यांशी गोंधळ करणारेही पुष्कळ. त्याच्या कुपनांवर त्याच्या अटी छापलेल्या असतात. त्या वाचायच्या, बॉनव्हॉयच्या नाही.

आता तो शेवटचा सल्ला, ज्यापायी दादा गेला. ट्रॅव्हल साइटवरून पैसे देऊन घ्या म्हणे, मान मिळेल! साखळ्यांचे नियम अगदी उलटे आहेत. त्यांच्या लेखी त्यांच्या संकेतस्थळावरून, ॲपवरून किंवा फोनवरून थेट केलेलं बुकिंग आपलं. तिऱ्हाईत साइटवरून आलेला माणूस त्या साइटचा गिऱ्हाईक. त्याला सहसा पॉइंट नाहीत, रात्र मोजली जात नाही, आणि पायरीच्या सवलतींवर हक्क नाही. एखादं हॉटेल कार्ड बघून माणुसकीने नाश्ता देतं, ती त्यांची मर्जी. म्हणजे मजकुरात पॉइंटवरच्या माणसाचे जे जे हाल वर्णन केलेत, ते साइटवरून पैसे देणाऱ्याचे आहेत. लिहिणाऱ्याने दोन रांगांच्या पाट्या अदलाबदल करून लावल्यात.

दादाचा हिशेब मी त्याला फोनवरच करून दाखवला. ३१,००० दिले, त्यात १८ टक्क्यांनी सुमारे पावणेपाच हजार जीएसटी. पॉइंटवर खोलीभाडंच नाही, तर त्यावरचा कर कुठला? त्याच्या साखळीत त्याच्या पायरीला दोघांचा नाश्ता आहे, तो दोन सकाळी विकत घेतला. दोन रात्री मोजल्या गेल्या नाहीत. खोलीचं सोडा, पार्किंग कदाचित तेव्हाही दिसलं असतं.

"मग रिसेप्शनवरच्या मुलीने तसं सांगायला नको?" म्हणाला.

ती बिचारी काय सांगणार, दादा? तिच्या स्क्रीनवर तू साइटचा पाहुणा. तुझा सभासद क्रमांकसुद्धा त्या बुकिंगवर नव्हता.

सुदैवाने रद्द केलेल्या बुकिंगचे पॉइंट त्याच्या खात्यात जसेच्या तसे परत आले आहेत. काल रात्री त्याचा पुन्हा फोन होता. आता पावसाळ्यात, गर्दी नसताना, महाबळेश्वरच्या बाजूला कुठेतरी पॉइंटवरच जायचं ठरलंय, थेट ॲपवरून, स्वतःच्या नावावर. सगळं नीट सांगितलं त्याने, तारखाही. मग म्हणाला, "बरं, हे जे पॉइंटवर घेतो आपण, ते सीपी पडतं की ईपी?"

मी फोन वहिनीकडे द्यायला सांगितला.